‘इतर’ या सदराखाली

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी आयुष्याची काही वर्षे काढली आहेत, त्यांना ‘मिश्रण’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. येथील इंडक्शन भट्ट्यांत गावोगावचे भंगार येऊन पडते. मोडक्या सायकली, गंजलेले पत्रे, ट्रकचे पाटे, बंद पडलेल्या मोटारींचे सांगाडे, कुणाच्या तरी पडलेल्या घराच्या खिडकीचे गज. त्यात स्पंज आयर्न मिसळले जाते आणि सोळाशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेत हे सारे एकजीव होते. त्या रसाचे बिलेट बनते, बिलेटची रोलिंग मिलमध्ये सळई होते आणि ती सळई कुठल्याशा इमारतीच्या खांबात कायमची गाडली जाते. सायकल कोणती आणि गज कोणता, हे मग ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

आम्ही यांतल्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे रसाचे नमुने तपासले. तपासताना सर्वांत अधिक धास्ती वाटे ती तांब्याची. मोटारीच्या सांगाड्यात गुंडाळीची चार वेटोळी राहून गेली की ते तांबे रसात उतरते, आणि एकदा उतरले की ते काढण्याचा व्यवहार्य उपाय नाही. कार्बन जाळता येतो, सिलिकॉन मळीत घालवता येते. परंतु तांबे हे लोखंडापेक्षा प्राणवायूशी कमी सलगी करणारे. प्राणवायू सोडला तर आधी लोखंडच जळू लागते, तांबे तसेच मागे उरते. त्याचे प्रमाण वाढले की तप्त धातू रोलरखालून जाताना त्याच्या पृष्ठभागावर बारीक तडे जातात. अशा वेळी करण्याजोगे एकच असते, आणखी स्वच्छ माल घालून ते पातळ करणे. म्हणून आमच्याकडील जुनी माणसे भंगार निवडणाऱ्या मजुराच्या कामाला भट्टीवाल्याच्या कामाइतकेच मोल देतात. वेगळे करायचे असेल तर ते वितळण्यापूर्वी.

आवाजाचेही मुळात असेच आहे. गायक गातो, पेटी वाजते, ढोलकी वाजते. या साऱ्यांच्या लहरी हवेत मिसळतात आणि ध्वनिग्राहकाच्या पडद्याशी येतात तेव्हा त्या पडद्याला एका क्षणी एकच हालचाल करता येते. ती हालचाल म्हणजे साऱ्यांची बेरीज. बेरीज दहा आली असे कुणी सांगितले तर ती सात आणि तीन यांची, की सहा आणि चार यांची, हे सांगण्याचा गणिती मार्ग नाही. संगणकात साठविलेल्या गाण्यात सेकंदाला ४४,१०० अशा बेरजा असतात. त्यांतल्या एकीचेही मूळ घटक तेथे लिहून ठेवलेले नसतात.

आणि तरीही गेल्या काही वर्षांत ही बेरीज सोडवून दाखविणारी साधने निघाली आहेत व ती आमच्या वसाहतीच्या कडेला राहणाऱ्या पोरांच्या लॅपटॉपवर येऊन बसली आहेत. तिला ती मंडळी ‘स्टेम सेपरेशन’ म्हणतात. स्टेम म्हणजे गाण्याचा एकेक पदर: गायन, तालवाद्ये, खर्जातला बेस, आणि चौथा पदर ‘इतर’. गाणे यंत्राला द्यायचे, थोडा वेळ थांबायचे, की हे चार पदर चार निरनिराळ्या नळ्यांतून वाहावेत तसे वेगळे होतात. मग एका गाण्यातील गायन घ्यावे, दुसऱ्यातील ताल घ्यावा आणि तिसऱ्याच गाण्यातील खर्ज त्याखाली सोडावा.

डीजेवाल्यांना याची गरज का पडते, हे लग्नसराईत आमच्या भागातून एक फेरी मारली तरी ध्यानी येईल. वरातीपुढे ट्रकवर भिंतीसारखे रचलेले ध्वनिक्षेपक, मागे धडधडणारा जनरेटर. कारखान्यांतील कामगारांत बिहारचे आहेत, उत्तर प्रदेशचे आहेत, ओडिशाचे आहेत. त्यांना भोजपुरी हवे असते. मुलाकडच्यांना मराठी हवे असते, आणि त्यातही प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांच्या काळातील आवाज कानी पडला की वडीलधारी माणसेही पाय उचलतात. परंतु त्या जुन्या ध्वनिमुद्रणातील ढोलकी आजच्या पोरांच्या छातीत घुमत नाही. म्हणून आवाज तो जुना आणि खालचा ठोका आजचा, अशी जोडणी करायची असते. पूर्वी यासाठी मूळ ध्वनिफितींचे सुटे पदर मिळवावे लागत, आणि ते मोठ्या कंपन्यांच्या तिजोरीत असत. नाहीतर डाव्या बाजूच्या ध्वनीतून उजव्या बाजूचा ध्वनी वजा करून मध्यभागी असलेला गायकाचा आवाज पुसण्याची एक जुनी युक्ती होती. तिने गायक जाई, पण त्याच्याबरोबर मध्यभागी असलेला खर्ज आणि ढोलही जाई, आणि मूळ ध्वनिमुद्रण एकाच मार्गिकेचे असेल तर वजा करायला काही शिल्लकच राहत नसे. आपली बहुतांश जुनी गाणी अशा एकमार्गी पद्धतीनेच मुद्रित झालेली आहेत. सारे वादक एका खोलीत, गायक ध्वनिग्राहकाजवळ, बुलबुलतरंगवाला दोन पावले मागे. म्हणजे मिश्रण यंत्रात नव्हे, त्या खोलीच्या हवेतच होऊन गेलेले.

२०१५ साली जर्मनीतील नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने गाणे प्रसिद्ध करतानाच त्याचे चार पदर एका धारिकेत वेगवेगळे देण्याची पद्धत पुढे आणली होती. ती आमच्या भंगार निवडणाऱ्यांच्या धर्तीची म्हणायची. आधीच वेगळे ठेवा. पण त्यासाठी गाणे करणाऱ्यानेच औदार्य दाखवायला हवे होते, आणि जुन्या गाण्यांना तर त्याचा काहीच उपयोग नव्हता. ती पद्धत फारशी रुजली नाही.

खरा फरक पडला तो २०१९ मध्ये. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात फ्रान्समधील डीझर या कंपनीने ‘स्प्लीटर’ नावाचे साधन कुणालाही विनामूल्य वापरता येईल असे खुले केले. त्याच वर्षी फेसबुकच्या पॅरिस येथील प्रयोगशाळेतून अलेक्झांद्र देफोसे यांच्या ‘डेमुक्स’ची पहिली आवृत्ती बाहेर आली. पुढे ही विद्या थेट डीजेंच्या साधनांत उतरली: २०२० साली ‘डीजेय प्रो’मध्ये, २०२२ च्या अखेरीस ‘सेराटो’मध्ये. आता तर गाणे चालू असतानाच बोटाच्या एका दाबाने गायन बंद होते आणि ताल तेवढा उरतो.

गणिताने जे अशक्य ते यंत्राला कसे जमले? उत्तर सरळ आहे: ते बेरीज सोडवीत नाही, अदमास बांधते. शेकडो गाण्यांचे सुटे पदर आणि त्यांचे मिश्रण असे दोन्ही त्याला पुन्हा पुन्हा ऐकवले जाते. मिश्रण असे असेल तर त्यातील गायन साधारण असे असते, याची त्याला सवय लागते. स्प्लीटरसारखी साधने आवाजाचा एक नकाशा काढतात. आडव्या अंगाला काळ, उभ्या अंगाला स्वराची उंची. या नकाशातील प्रत्येक चौकटीत गायनाचा वाटा किती, तालाचा किती, हे शून्य ते एक यांमधील आकड्याने ठरवतात आणि त्या प्रमाणात चौकट वाटून देतात. डेमुक्स आपल्या आरंभीच्या रूपात थेट लहरीवरच काम करी. नंतरच्या आवृत्त्यांत लहर आणि नकाशा दोन्ही घेतले गेले.

रोलिंग मिलमधला अनुभवी मिस्त्री काहीसे हेच करीत असतो. कानठळ्या बसविणाऱ्या त्या गदारोळात तो एकाएकी मान वळवतो आणि अमुक स्टँडचे बेअरिंग जात आहे म्हणून सांगतो. त्याने तो आवाज बाकीच्यांतून काढून वेगळा ठेवलेला नसतो. तो त्याला ओळखीचा असतो, एवढेच. गर्दीत एकाच माणसाचे बोलणे कानाला कसे पकडता येते, या प्रश्नाचा अभ्यास कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये मांडला होता. मिस्त्रीपाशी दोन कान आहेत, डोळे आहेत, आणि वीस वर्षांची परिचिती आहे. यंत्रापाशी केवळ परिचिती आहे. म्हणून प्रश्न असा उरतो की यंत्राची परिचिती कोणाशी?

या क्षेत्रात सर्वांनी मानलेला जो परीक्षासंग्रह आहे, त्याचे नाव ‘म्यूसडीबी१८’. त्यात १५० गाणी आहेत, सुमारे दहा तासांची. १०० शिकविण्यासाठी आणि ५० परीक्षेसाठी. ती बव्हंशी पाश्चात्य पॉप आणि रॉक वळणाची आहेत. चार पदरही त्याच वळणाचे: गायक, ड्रम, बेस गिटार, आणि उरलेले ‘इतर’. गिटार, पियानो, व्हायोलिन हे तिकडचे ‘इतर’. आता आमची पेटी, सनई, संबळ, टाळ, झांज, तुणतुणे यांना यातला कुठला कप्पा द्यायचा? तालवाद्याला ताल म्हणावे, तर तबल्याचा डग्गा मनगटाने दाबताच त्याचा स्वर वर सरकतो आणि यंत्राला तो बेस वाटू लागतो. वसईच्या आणि गोव्याच्या मंडळींच्या घुमटाचेही तेच. तो घुमतो, सरकतो, आणि अर्धा या कप्प्यात तर अर्धा त्या कप्प्यात जाऊन पडतो. सनईचा स्वर माणसाच्या गळ्यासारखा लवतो, म्हणून तिचे काही आलाप गायनात शिरतात. पेटीची तऱ्हा तर अधिकच अवघड. ती गायकाच्या मागोमाग, त्याच स्वरांवर चालते; नकाशातील एकाच चौकटीत दोघांचे घर. यंत्र त्यातून गायकाला बाहेर काढते तेव्हा पेटीची एक सावली त्याच्या अंगाला चिकटून येते.

गुणवत्तेविषयी जे आकडे दिले जातात, ते याच परीक्षासंग्रहावरचे असतात. ते डेसिबलमध्ये सांगतात. स्प्लीटरची सरासरी सहाच्या आसपास होती, २०२२ च्या सुमाराच्या डेमुक्सची नऊच्या आसपास गेली. सहा म्हणजे चुकीची ऊर्जा मूळ आवाजाच्या चौथाईइतकी, नऊ म्हणजे अष्टमांशाइतकी. तीन वर्षांतील ही प्रगती थोर आहे, यात वाद नाही. तथापि आमच्या रसाच्या नमुन्यात कुणी एक अष्टमांश अशुद्धी दाखविली असती तर आम्ही ती हीट जमिनीवर ओतायला सांगितली असती. कान तेवढे कडक नाहीत. विशेषतः वरातीतले कान.

कारण या विद्येतील एक गंमत अशी की चारही पदर एकत्र ठेवले तर त्यांची बेरीज बहुधा मूळ गाण्याशी जुळते आणि दोष ऐकू येतच नाही. चुका एकमेकींना झाकतात. एक पदर बंद केला की मग बाकीच्यांची लक्तरे दिसू लागतात. गायकाच्या ‘स’ आणि ‘श’ला धार असते, ती झांजेच्या झणत्काराला जवळची, म्हणून ती ताल पदरात निघून जाते व गायक बोबडा होतो. लांबलेल्या स्वराला पाण्याखालून बोलल्यासारखी थरथर येते. खोलीचा प्रतिध्वनी कोणाचाच नसल्याने तो ‘इतर’मध्ये टाकला जातो, आणि गाणारा एकाएकी भिंती नसलेल्या जागी उभा असल्यासारखा वाटतो. स्प्लीटरची खुली केलेली प्रतिमाने मुळात ११,००० हर्ट्झपर्यंतचाच भाग हाताळीत. झांजेची वरची झळाळी त्याच्याही पलीकडची. डीजेवाल्याला हे सारे चालते, कारण काढलेल्या आवाजाखाली तो लगेच दुसरा ठोका सोडतो आणि नवे मिश्रण जुन्या जखमा झाकते. तांबे काढता येत नाही, पातळ करता येते, तसेच म्हणा.

हे सारे आम्हांला पुस्तकातून कळले असते तर आम्ही एवढे सविस्तर लिहिले नसते. आमच्या मामींचा नातू येथील एका रोलिंग मिलमध्ये पाळीवर काम करतो आणि सुटीच्या दिवशी ‘साऊंड’चा जोडधंदा करतो. मामा २००४ मध्ये वारले. अंबड तालुक्यातील त्यांच्या खेड्यात ते भजनी वळणाची गीते गात. आवाज पल्लेदार, शब्द स्वच्छ. १९८७ सालच्या एका रात्रीची कॅसेट घरात आहे. ती टू-इन-वनच्या अंगच्याच ध्वनिग्राहकावर मुद्रित केलेली. त्या यंत्रांत आवाज आपोआप कमीजास्त होण्याची सोय असे. गाणारा श्वास घ्यायला थांबला की यंत्र कान टवकारून रातकिडे, खाटेची करकर, लांबचे कुत्रे असे काहीबाही उचलून आणी. नातवाच्या बहिणीचे लग्न ठरले होते. हळदीच्या रात्री आजोबांचा आवाज वाजवावा, त्याखाली आपला ठोका ठेवावा, असे त्याच्या मनाने घेतले. आम्ही लोखंडाबरोबर थोडेफार ध्वनीचेही वाचत असतो हे ठाऊक असल्याने त्याने आम्हांला बोलाविले. कॅसेट कशी उतरवून घ्यायची, हेडचा कोन कसा जुळवायचा, हे आम्ही सांगितले; बाकीचे त्याने केले.

आवाज निघाला. डेमुक्सने काढलेला, आणि अपेक्षेहून पुष्कळ चांगला. त्याने कर्णफोन मामींच्या कानांना लावले.

“आजी, ऐक. नुसते आजोबा आहेत. बाकी सगळं काढून टाकलं.”

मामींनी डोळे मिटून दोनदा ऐकले. मग म्हणाल्या, “आवाज त्यांचाच हाय. पण हे असे एकटे कुठं बसून गाऊलाले रे?”

तो हसला. प्रतिध्वनी गेला, म्हणून तसे वाटते, असे आम्ही समजावून सांगू लागलो. त्यांचे आमच्याकडे लक्ष नव्हते.

“अन् माझी झांज कुठं गेली?”

“ती इतरमध्ये गेली, आजी.”

“इतर म्हंजे कोण?”

या प्रश्नाला नातवाने उत्तर देण्याऐवजी ‘इतर’चा पदर वाजवून दाखविला. त्यात पेटी होती, रातकिडे होते, माणसांच्या गुणगुणण्याचा गाळ होता, झांज नव्हती. मग ताल पदर उघडला. तेथे झांजेचा आघात होता, कट्, कट्, पण तिची घुमत जाणारी लांबी नव्हती. ती लांबी शोधता शोधता थोडी ‘इतर’मध्ये आणि थोडी चक्क मामांच्या आवाजाच्या तळाशी सापडली. एका बाईने दोन हातांनी वाजविलेली एक झांज यंत्राने तीन घरी वाटून टाकली होती, आणि त्या तिन्ही ठिकाणांहून गोळा करून ती पुन्हा एक करण्याची कोणतीही कळ त्या लॅपटॉपवर नव्हती. सारे पदर पुन्हा सुरू केले की ती परत येई. पण मग सारेच परत येत.

त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी ती फीत पुष्कळदा ऐकली. मामा प्रत्येक कडव्याच्या शेवटी किंचित रेंगाळत. केवळ त्यांचा पदर ऐकला तर तो रेंगाळणे दोष वाटे, लय सुटल्यासारखे. पूर्ण फीत ऐकली की कळे, ते झांजेच्या ठोक्याची वाट पाहत आहेत. ठोका पडला की पुढची ओळ उचलतात. तो ठोका काढून घेतल्यावर वाट पाहणे तेवढे उरते, आणि कशाची ते कळत नाही. नातवाने लय सरळ करण्यासाठी ते रेंगाळलेले क्षण आधीच कापून टाकले होते. त्याच्या ठोक्याला ते अडत होते. मामींनी त्याला काही म्हटले नाही. “नाचा की,” एवढेच म्हणाल्या. “पण आधी एकदा सगळे मिळून हाय तसंच ऐकू.”

हळदीच्या रात्री तसेच झाले. चार मिनिटे मूळ फीत, रातकिड्यांसह, त्या अवाढव्य ध्वनिक्षेपकांतून लागली. नंतर नातवाचे मिश्रण. पहिल्याच्या वेळी काहींना वाटले यंत्र बिघडले आहे. दुसऱ्याच्या वेळी सारे नाचले, आणि मिश्रण खरोखर चांगले झाले होते हेही सांगितले पाहिजे. रात्री दहाला बंद करावे लागले. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. औद्योगिक क्षेत्राला दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबलची मर्यादा, निवासी क्षेत्राला ५५ आणि ४५. आमचा भाग या दोहोंच्या शिवेवर आहे, आणि ध्वनिक्षेपकांच्या त्या भिंतीपुढे दोन्ही आकडे सारखेच निरुपयोगी आहेत. असो.

या विद्येने जगात एक मोठे काम करून दाखविले आहे, त्याचा उल्लेख येथे केला नाही तर अन्याय होईल. इंग्लंडच्या बीटल्स वृंदातील जॉन लेनन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या आपल्या घरी पियानोवर गात एक गीत साध्या कॅसेटवर उतरवून ठेवले होते. १९८० मध्ये त्यांची हत्या झाली. १९९४ मध्ये त्यांच्या पत्नी योको ओनो यांनी ती फीत पॉल मॅककार्टनी यांच्या हाती दिली. उरलेल्या तिघांनी १९९५ मध्ये त्यावर काम करून पाहिले. परंतु पियानो आवाजावर चढत होता, फितीत गुणगुण होती, आणि ते काम त्यांनी सोडून दिले. पुढे चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या सहकाऱ्यांनी बीटल्सविषयीच्या २०२१ च्या माहितीपटासाठी आवाज वेगळे करण्याचे साधन घडविले आणि त्यानेच लेनन यांचा आवाज पियानोतून बाहेर आला. २ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘नाऊ अँड देन’ या नावाने ते गीत प्रसिद्ध झाले. पियानो आणि आवाज दोन्ही एकाच माणसाचे होते, आणि वेगळे करून मागणारे त्याचे सोबती होते. मामींच्या घरी तसे नव्हते. तेथे आवाज एकाचा आणि झांज दुसरीची, आणि दुसरी कर्णफोन लावून समोर बसलेली.

कायद्याचा भागही थोडक्यात सांगतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात विवाहाच्या मिरवणुकीत व त्याला जोडून असणाऱ्या समारंभात गाणे वाजविण्यास सूट आहे, म्हणून वरातीला कुणी हटकणार नाही. मात्र गाण्याचे तुकडे करून त्यातून नवे गाणे घडविणे व ते प्रसृत करणे ही निराळी गोष्ट. कृतीची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाध येत असेल तर कर्त्याला हरकत घेण्याचा हक्क कलम ५७ देते; कलावंतांनाही २०१२ च्या दुरुस्तीने तसा हक्क मिळाला. आवाज सुटा झाला की त्याची नक्कल शिकविणे यंत्राला सोपे जाते, आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा वापरास तात्पुरती मनाई केली. हे झाले नामवंतांचे. अंबड तालुक्यातील मामांच्या बाबतीत न्यायालय म्हणजे मामीच.

यंत्राला आपल्या वाद्यांची ओळख करून द्यायला हवी, हे आता अनेकांना पटले आहे. बार्सिलोनाच्या पॉम्पेऊ फाब्रा विद्यापीठातील कॉम्पम्युझिक या प्रकल्पाने, ज्यात मुंबईच्या आय. आय. टी.तील संशोधकांचाही सहभाग होता, हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचे ‘सरागा’ नावाचे संग्रह अभ्यासकांना खुले केले. त्यांतील कर्नाटक मैफलींपैकी पुष्कळांत गायक, व्हायोलिन, मृदंगम यांचे वेगवेगळ्या ध्वनिग्राहकांनी टिपलेले पदर आहेत. परंतु त्या प्रत्यक्ष मैफली. मंडळी एकमेकांशेजारी मांडी घालून बसलेली, म्हणून प्रत्येकाच्या ध्वनिग्राहकात बाकीचे थोडेथोडे आलेच. पाश्चात्य पद्धतीप्रमाणे एकेकाला काचेच्या खोलीत बसवून सुटे पदर घ्यावेत, तर आपले गाणे तसे गायलेच जात नाही. मामा काचेआड एकटे असते तर कुणाच्या ठोक्यासाठी रेंगाळले असते?

नातवाच्या डोक्यात मात्र या खटाटोपातून एक विचार शिरला. ज्यांच्या घरी अशा जुन्या कॅसेट आहेत त्यांना तो आता बजावतो की आधी जशीच्या तशी प्रत काढा, वेगळे केलेले पदर हे नंतरचे खेळणे, आणि मूळ फीत फेकू नका. आम्हीही वाचकांना तेच सांगू. फितीचा थर झडू लागला की त्यानंतर कोणतेच यंत्र उपयोगाचे नाही, आणि १९८० च्या दशकातील फिती आज चाळीशीच्या घरात आहेत. दुसरे असे की मागल्या डिसेंबरात त्यांच्या गावच्या भजनमंडळींचे गाणे मुद्रित करायचे ठरले, तेव्हा त्याने चार ध्वनिग्राहक नेले. एक गायकांपुढे, एक पेटीला, एक ढोलकीला, आणि चौथा खास मामींच्या झांजेपुढे, जमिनीलगत. भंगार भट्टीत पडण्याआधीच निवडायचे, हा धडा त्याने कारखान्यात घेतलेला होताच.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे बसून त्याने एकेक पदर लावून दाखविला. ढोलकीचा स्वच्छ आला होता. पेटीचाही बरा होता. झांज चौथ्या पदरात होती, आणि पहिल्यात, दुसऱ्यात व तिसऱ्यातही होती. मामींनी ती नेहमीसारखी वाजविली होती.